चौदा वेळा खोडलेला ‘दॅट’

द्वितीय वर्षाला इंग्रजी हा मुख्य विषय घेतल्यानंतरची माझी पहिली ट्यूटोरियलची वही तपासून परत आली, ती तांबड्या शाईने माखूनच. स्पेलिंगच्या चुका दोन, आर्टिकलच्या पाच, आणि ‘दॅट’ हा शब्द चौदा ठिकाणी खोडलेला! तोही रागारागाने नव्हे. प्रत्येक ‘दॅट’वरून एक बारीक, सरळ, शांत रेघ. समासात एकदाच शेरा होता : ‘नीडलेस’.

आर्टिकलचे मी समजू शकत होते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत. त्यामुळे आमच्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांच्या हातून ते कुठे सांडतात, कुठे जादा पडतात. त्याचे कुणाला नवल वाटत नाही. पण ‘दॅट’? ‘दॅट’ ही तर माझी इस्टेट होती. साऱ्या इंग्रजी भाषेत एका गोष्टीबद्दल मला खात्री होती, आणि सरांनी नेमकी तिच्यावर चौदा वेळा रेघ मारली होती.

ही खात्री मला मास्तरांनी दिलेली. मास्तर राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, वाडीच्या खालच्या अंगाला राहतात. ते गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवीत. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली. माझ्या वडिलांना त्यांनी शिकवले, आत्याला शिकवले, आणि आठवीपासून मला. आमच्या घरातल्या कुणाकडून त्यांनी शिकवणीचा पैसा कधी घेतला नाही. आजी दर वर्षी नव्या भाताचे तांदूळ पाठवी, ते परत पाठवीत, आणि आजी पुन्हा पाठवी.

शिकवण्याची त्यांची पद्धत जुनी. पाने सुटलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढ्यात आणि हातात पेन्सिल. बाकी चुकांना ते हसत. ‘ही गो’ म्हटले तरी हसत. पण ‘ही सेड ही वॉज इल’ असे लिहिले की त्यांचा चेहरा बदले. ‘दॅट कुठाय?’ मग मी ‘दॅट’ घालायची. ‘दार लावलं की कडी घालायची. लावून घेतलंय, उघडणार नाही, असं म्हणायचं नाही. कडी घालायची.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की अजूनही रात्री खोलीचे दार लावताना मला ‘दॅट’ आठवतो. आमच्या वसतिगृहातल्या मैत्रिणींना हे विनोदी वाटते.

तर अशी ही कडी सरांनी चौदा दारांवरून काढून टाकली होती. मी वही घेऊन स्टाफरूममध्ये गेले. धीर करून विचारले, ‘सर, इथे ‘दॅट’ लिहिला तर चूक आहे का?’

‘चूक नाही.’

‘मग खोडलात का?’

सरांनी चष्मा वर केला. ‘पावसाळा संपल्यावर छत्री उघडून फिरणं ही काही चूक नाही. लोक बघतात, इतकंच.’ मग मला राग आलेला पाहून जरा मऊ आवाजात म्हणाले, ‘नियम आहे तेवढा तुला माहीत आहे. बाकीचा कानात असतो. फाउलर बघ, येस्पर्सन बघ. ग्रंथालयात दोघेही आहेत. कुणी घरी नेत नाही, तेव्हा जागेवर सापडतील.’

ते जागेवर सापडले. फाउलरांचा इंग्रजी शब्दप्रयोगांचा कोश १९२६ साली निघाला. त्यांचे एक बरे आहे : ते नुसता हुकूम देत नाहीत, इंग्रज माणूस प्रत्यक्षात काय करतो ते आधी सांगतात. ‘दॅट’च्या नोंदीत त्यांनी क्रियापदांचे तीन गट केले आहेत. ‘थिंक’, ‘सपोज’ यांच्यामागून ‘दॅट’ सहसा येतच नाही. ‘स्टेट’, ‘मेंटेन’ अशा जरा कोट घालून वावरणाऱ्या क्रियापदांमागून तो यावा. आणि ‘से’, ‘नो’ यांच्यासारखी जी घरी-दारी दोन्हीकडे वापरली जातात, त्यांच्या बाबतीत लिहिणाऱ्याने आपला सूर पाहून ठरवावे. ‘आय थिंक दॅट इट विल रेन’ असे कुणी अंगणात उभे राहून म्हणाले, तर तो आकाशाकडे न पाहता कागदाकडे पाहून बोलतो आहे असे वाटते. माझ्या वहीतले सहा ‘दॅट’ ‘थिंक’ आणि ‘बिलीव्ह’ यांच्या मागचे निघाले. ते मी मनातल्या मनात सोडून दिले.

दुसऱ्या जातीचा ‘दॅट’ म्हणजे ‘जो-जी-जे’ या अर्थाचा. ‘द बुक दॅट आय बॉट’ म्हणा, नाहीतर ‘द बुक आय बॉट’ म्हणा; दोन्ही चालते. पण ‘द बॉय दॅट केम यस्टरडे इज माय ब्रदर’ यातला ‘दॅट’ काढा, म्हणजे ‘द बॉय केम यस्टरडे इज माय ब्रदर’ असे उरते, आणि वाक्याचा पाय मोडतो. का? पहिल्या वाक्यात पुस्तक विकत घेतले गेले, ते कर्म आहे. घेणारा ‘आय’ तिथे स्वतः हजर आहे. दुसऱ्यात ‘दॅट’ हाच येणारा आहे. त्याला हाकलले तर येणार कोण? कर्माच्या जागेचा शब्द जाऊ शकतो, कर्त्याच्या जागेचा नाही. एवढी एक गोष्ट मला कुणी शाळेत सांगितली असती, तर ‘देअर आर मेनी पीपल लिव्ह इन मुंबई’ असली वाक्ये मी दहावीपर्यंत लिहिली नसती. आमच्या वर्गातही ते वाक्य अजून वर्षातून दोन-तीनदा भेटते. (आता सगळे माझ्याकडे पाहू नका. नाव सांगणार नाही.)

गंमत म्हणजे मराठीत हा प्रश्न अशा रूपात येतच नाही. आपण ‘मी घेतलेले पुस्तक’ म्हणतो, ‘काल आलेला मुलगा’ म्हणतो. कर्ता असो की कर्म असो, ‘लेला-लेली-लेले’ने काम भागते. जोडणारा शब्द नाही, त्यामुळे गाळण्याचा प्रश्न नाही. पण ‘की’चे काय? ‘तो म्हणाला की मी येतो’, ‘तो म्हणाला, मी येतो’, ‘येतो म्हणाला’, ‘येतो असं म्हणाला’, ‘येतो म्हणून म्हणाला’. एवढ्या पाच तऱ्हांनी आपण एकच निरोप पोचवू शकतो, आणि त्यांतल्या एकीतच ‘की’ आहे. शाळेच्या व्याकरणात आपण ‘की’ला स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून पाठ केले. आजी मात्र जन्मभर ‘येतो म्हणाला’ यावर भागवत आली आहे.

मग येस्पर्सन काढले. ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) हे डेन्मार्कचे. कोपनहेगनला इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि इंग्रजी भाषेचे सात खंडांचे व्याकरण त्यांनी लिहिले. त्याचा पहिला खंड १९०९चा, शेवटचा त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली आला. आमच्या ग्रंथालयात त्यांचे १९३३चे लहान व्याकरण आहे. परक्या देशातल्या माणसाने इंग्रजांना त्यांची भाषा समजावून सांगावी, याचाच मला आधी फार धीर आला. ‘द बुक आय बॉट’ यात काहीही गाळलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. दोन तुकडे नुसते एकमेकांना खेटून उभे आहेत. अशा पोटवाक्याला त्यांनी नावच ‘कॉन्टॅक्ट क्लॉज’ असे दिले. ‘आय नो ही विल कम’ याचेही तेच. आपण आधी ‘दॅट’ असलेले वाक्य पुरे मानतो आणि मग दुसऱ्यात ‘दॅट’ गळला म्हणतो. प्रत्यक्षात दोन्ही चाली भाषेत जुन्याच आहेत. एकात माणूस म्हणतो, ‘मला ठाऊक आहे : तो येणार.’ दुसऱ्यात म्हणतो, ‘मला ते ठाऊक आहे : तो येणार.’ हे जे बोट दाखवणारे ‘ते’, तोच ‘दॅट’. पुढे तो हळूहळू पुढच्या वाक्याकडे सरकला आणि त्याचा जोडशब्द झाला. आपले ‘येतो असं म्हणाला’मधले ‘असं’ही बोट दाखवणारेच आहे, हे वाचता वाचता माझ्या लक्षात आले आणि मी त्या शांत ग्रंथालयात मोठ्याने ‘अरे!’ म्हटले. ग्रंथपालांनी पाहिले.

म्हणजे मास्तरांची कडी ही कडी नव्हतीच. कुणीतरी पूर्वी दाखवलेले बोट होते. मला हे पटले, आणि त्याच वेळी मास्तरांसाठी वाईटही वाटले. इतकी वर्षे ते एका बोटासाठी आमच्यावर रागावत होते.

पण मी कोकणातली आहे. वाद इतक्यात सोडत नाही. ‘दॅट’ कुठे काढताच येत नाही, अशा जागा मी शोधू लागले. काही लगेच मिळाल्या. ‘दॅट ही फेल्ड इज नोन टु ऑल’. यातला पहिला शब्द काढला तर वाचणारा ‘ही फेल्ड’ हेच मुख्य वाक्य समजून पुढे जातो आणि ‘इज’पाशी ठेचकाळतो. ‘द फॅक्ट’नंतरचा ‘दॅट’ही सहसा हलत नाही. मग वर्गात सरांनी टॉमस बेव्हर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० साली प्रसिद्ध केलेले, धान्याच्या कोठारापलीकडे पळवलेल्या घोड्याचे वाक्य सांगितले. ते व्याकरणाने पूर्ण शुद्ध आहे. त्यातले ‘दॅट वॉज’ असे दोन लहान शब्द तेवढे नाहीत. तरीही चांगला शिकलेला इंग्रज ते पहिल्यांदा वाचताना पडतो. तसलेच एक आम्ही वर्गात तयार केले : ‘द गर्ल टोल्ड द स्टोरी लाफ्ड’. मुलीने गोष्ट सांगितली असे वाटते, आणि शेवटी ती हसू लागल्यावर कळते की गोष्ट तिला सांगितली गेली होती. इथे ‘टोल्ड’ऐवजी ‘गिव्हन’ असते तर कुणी पडले नसते, कारण ‘गेव्ह’ आणि ‘गिव्हन’ यांची रूपे निराळी. जिथे रूप वाट दाखवते तिथे लहान शब्द जाऊ शकतो. जिथे दाखवत नाही तिथे जाणारा शब्द वाट घेऊनच जातो.

आणि मग मला माझे वाक्य सापडले. ‘ही सेड ऑन मंडे ही वुड कम’. सोमवारी म्हणाला, की सोमवारी येणार? ‘ही सेड ऑन मंडे दॅट ही वुड कम’ म्हणजे सोमवारी म्हणाला. ‘ही सेड दॅट ऑन मंडे ही वुड कम’ म्हणजे सोमवारी येणार. सारे शब्द तेच. ‘दॅट’ सोमवारच्या अलीकडे उभा की पलीकडे, एवढाच फरक. आजीचे ‘सोमवारी येतो म्हणाला’ही तितकेच दुतोंडी आहे, तिथेही ‘की’ आला की वाद मिटतो. हे वाक्य मला इतके आवडले की मी ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले. दिवाळीच्या सुट्टीत मास्तरांना दाखवायचे ठरवले. चौदांपैकी निदान एका तरी ‘दॅट’चा न्याय मी मिळवून आणला होता.

दिवाळीत गेले. मास्तर पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. मी आधी फाउलर सांगितले, येस्पर्सन सांगितले. ते ‘हं, हं’ करीत राहिले. मग पुठ्ठ्यावरचे वाक्य पुढे केले. त्यांनी ते वाचले. पुन्हा वाचले. मला वाटले, आता शाबासकी मिळणार. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘बरोबर आहे. दिवेलागण झाली, घरी जा बाय.’ दिवेलागणीला अजून तासभर अवकाश होता.

घरी येऊन मी आजीला सांगितले, की मास्तर आज विचित्र वागले. ‘काय दाखवलंस त्यांना?’ मी वाक्य मराठी करून सांगितले. सोमवारी म्हणाला की सोमवारी येणार. आजी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. ती उठली, आतल्या खोलीत गेली, आणि ट्रंकेच्या तळातून एक कागद घेऊन आली. घड्यांवर फाटलेला, कडा तपकिरी झालेल्या.

ती तार होती. भारतातली तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, तेव्हा मी आठ वर्षांची होते. खरीखुरी तार मी पहिल्यांदाच हातात धरीत होते. तारीख ८ जुलै १९७८. मुंबईहून आलेली. मजकूर मोठ्या इंग्रजी अक्षरांत, शाईने लिहिलेला : ‘डॉक्टर सेड फ्रायडे ऑपरेशन नेसेसरी कम’.

आमचे आजोबा मुंबईत गिरणीत होते, आणि मी जन्मण्याच्या कितीतरी आधी वारले, एवढेच मला माहीत होते. कसे वारले हे विचारायचे कधी सुचले नव्हते. आजीने त्या संध्याकाळी सांगितले. आतड्याला पीळ पडला होता. गुरुवारी दुखू लागले, शुक्रवारी धाकट्या आजोबांनी इस्पितळात नेले. त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायला हवे. शनिवारी सकाळी धाकट्या आजोबांनी तार केली. मजकूर गिरणीतल्या एका कारकुनाने लिहून दिला. ठरावीक शब्दांपुढे प्रत्येक शब्दाला जादा पैसे पडत, म्हणून शब्द कमी कर असे त्याला धाकट्या आजोबांनीच सांगितले होते. संध्याकाळी तार वाडीत पोचली. वाडीत इंग्रजी वाचणारा माणूस एकच : हायस्कुलात नुकतेच लागलेले सत्तावीस वर्षांचे मास्तर.

मास्तरांनी वाचले : डॉक्टर म्हणाले की शुक्रवारी ऑपरेशन करायला हवे, या. आज शनिवार. म्हणजे हातात सहा दिवस. लावणी अर्धी झालेली. तरवा काढून ठेवलेला, तो दोन दिवसांत लावला नाही तर फुकट. आजीने मास्तरांना विचारले, बुधवारच्या रात्रीच्या एस.टी.ने निघालो तर चालेल ना? मास्तर म्हणाले, चालेल, गुरुवारी सकाळी पोचाल.

ऑपरेशन सोमवारी झाले. मंगळवारी दुपारी दुसरी तार आली. ती मास्तरांना वाचून दाखवावी लागली नाही; त्यांचा चेहरा पाहूनच आजीला कळले.

आजीने हे सगळे रडत वगैरे सांगितले नाही. इतकी वर्षे झाली. मी कागद हातात धरून बसले होते, आणि मनात नको ते व्याकरण चालू होते. ‘डॉक्टर सेड फ्रायडे दॅट ऑपरेशन नेसेसरी’. ‘डॉक्टर सेड दॅट फ्रायडे ऑपरेशन नेसेसरी’. अलीकडे की पलीकडे. माझ्या पुठ्ठ्यावर सोमवार होता, इथे शुक्रवार होता. वाक्य तेच होते, आणि मी ते मोठ्या दिमाखात मास्तरांच्या हातात दिले होते.

‘कुठला शब्द नव्हता म्हणतेस?’ आजीने विचारले. मी सांगितला. तिने तो मनात घोळवला. ‘दॅट.’ मग म्हणाली, ‘एवढासाच? म्हणजे चार-आठ आणे पडले असते.’

त्या रात्री मला झोप नव्हती. मास्तरांची चूक झाली का? पुष्कळ विचार करूनही मला तसे म्हणवत नाही. अमेरिकन वर्तमानपत्रांत ‘सेड फ्रायडे’ असे ‘ऑन’ गाळून सर्रास छापतात. तिथल्या वाचकाला ‘शुक्रवारी म्हणाले’ हेच आधी सुचते. पण आपल्याकडच्या शाळेत वाराच्या मागे ‘ऑन’ हवाच असे शिकवतात. ‘सेड’ला ‘फ्रायडे’ नुसता चिकटलेला आपल्या कानाला ओळखीचा नाही. आपल्या कानाला ‘फ्रायडे ऑपरेशन’ ही जोडी ओळखीची : शुक्रवारचे ऑपरेशन. मास्तरांच्या जागी मी असते तर मीही तेच वाचले असते, आणि मी इंग्रजी मुख्य विषय घेतलेली आहे. शेवटचा ‘कम’ हा शब्द एकटाच पुरेसा होता, असेही मनात आले. पण ‘या’ म्हटल्यावर ‘कधी’ हा प्रश्न येतो, आणि त्या कागदावर दिवसाचे नाव एकच होते. शिवाय लावणीचे दिवस. आजी म्हणालीच, ‘मास्तरांना मी विचारलं ते मला हवं तसंच विचारलं.’

सुट्टीनंतर परत आल्यावर एक गोष्ट कळली, ती लिहून ठेवते. असोसिएटेड प्रेस ही अमेरिकेची जुनी वृत्तसंस्था. आरंभीच्या काळात तिचा सारा व्यवहार तारेवरच चाले. तिच्या वार्ताहरांसाठी लेखनाच्या नियमांचे एक पुस्तक आहे. त्यात ‘दॅट’ कुठे गाळावा, कुठे ठेवावा हे सांगितले आहे. ‘सेड’सारख्या क्रियापदानंतर लगेच पोटवाक्य आले तर गाळा. पण मध्ये वेळ सांगणारा शब्द आला, म्हणजे वार आला, तर ठेवा. गाळणे हा ज्यांचा धंदा, त्यांनीच हा नियम करून ठेवला आहे. मास्तरांचा नियम याहून कडक होता. त्यांनी गाळायची मुभा कुठेच ठेवली नाही.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा मास्तरांकडे गेले होते. काय बोलावे ते ठरवले नव्हते. त्यांनीच विषय काढला, ‘आजीने कागद दाखवला असेल.’ मी हो म्हटले. त्यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने, नुसते बसवेना म्हणून, मी म्हटले, ‘येस्पर्सन म्हणतात, तो शब्द गाळलेला नसतोच. तो तिथे कधी नव्हताच.’

‘कुठले ते?’

‘डेन्मार्कचे.’

‘त्या गृहस्थांना कुणाची तार वाचून दाखवावी लागली नसेल,’ मास्तर म्हणाले. मग हात पुढे करून, ‘ती तुझी वही आण. तांबडी.’

वही माझ्याजवळच होती. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल काढली आणि चौदा जागा एकेक करून पाहिल्या. मला वाटले होते, ते चौदाही ‘दॅट’ परत घालतील. पण ‘थिंक’पाशी त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. ‘बिलीव्ह’ही सोडला. अर्ध्या तासाने वही परत दिली तेव्हा तीनच ठिकाणी, तांबड्या रेघेच्या वर, बारीक पेन्सिलीने ‘दॅट’ लिहिला होता.

ट्यूटोरियल जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीवर होते. मास्तरांचे तीन ‘दॅट’ मी कॉलेज उघडल्यावर सरांना दाखवले. कुणी घातले हे सांगितले, का घातले ते सांगितले नाही. पहिले वाक्य : ‘डार्सी अ‍ॅडमिट्स इन द लेटर दॅट ही सेपरेटेड बिंग्ली फ्रॉम जेन’. सरांनी ‘दॅट’वर बोट ठेवून वाक्य पुटपुटले. ‘द लेटर ही...’ म्हणून थांबले. ‘द बुक आय बॉट’सारखे ते ‘त्याने लिहिलेले पत्र’ होऊ पाहत होते. ‘बरोबर. राहू दे.’ दुसरे : ‘एलिझाबेथ अंडरस्टँड्स दॅट डार्सीज कॅरॅक्टर वॉज मिसजज्ड बाय हर’. इथे ‘दॅट’ नसेल तर तिला आधी डार्सीचा स्वभाव कळतो आणि मग अर्ध्या वाटेवर, तिने तो चुकीचा ओळखला होता, हे कळते. हेही सरांनी मान्य केले. ‘तुझे हे मास्तर कोण?’ असे विचारले. मी म्हटले, ‘गावी असतात.’

तिसरे वाक्य असे : ‘शी सेज शी वॉज ब्लाइंड अँड दॅट शी वॉज प्राउड’. मास्तरांनी पहिला ‘दॅट’ जाऊ दिला होता आणि ‘अँड’च्या मागचा तेवढा परत घातला होता. त्यांचे म्हणणे, तो नसेल तर ती गर्विष्ठ होती हे कोण म्हणते, एलिझाबेथ की तू, ते कळत नाही. सर म्हणतात, कादंबरी वाचलेल्याला कळते. मास्तर म्हणतात, न वाचलेल्याचे काय? गेल्या गणपतीत मी पुन्हा दोघांचे निरोप इकडून तिकडे केले. सरांनी वहीत ‘ऑप्शनल’ असे लिहून खाली सही केली. मास्तरांनी त्या शब्दाखाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे. वही सध्या माझ्याकडे आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी वर्गात भेटावे.